पत्र्यावरचे थर : बेळगावातल्या एका जुन्या पिकअपची डागडुजी

पुण्याहून गाडीनं दक्षिणेकडे निघालात तर रस्त्याकडेच्या गॅरेजच्या पाट्या वाचत या. सातारा, कराड, कोल्हापूर, सगळीकडे 'डेंटिंग-पेंटिंग' असतं. निपाणी ओलांडली की मधूनमधून 'टिंकरिंग' दिसायला लागतं आणि हुबळीकडे गेलात की तोच शब्द रुळलेला. बेळगावात दोन्ही चालतात, कधी एकाच पाटीवर. काम एकच आहे : चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, सडलेला कापून नवा लावायचा, वर रंग द्यायचा. इंग्रजीत 'टिंकर' म्हणजे गावोगाव फिरून भांड्यांना डाग देणारा माणूस, आपल्या कल्हईवाल्याचा भाऊबंदच म्हणा. मराठीत 'डाग' म्हणजे कपड्यावरचा मळ, आणि 'डाग देणं' म्हणजे धातू झाळून जोडणं. हा लेख दोन्ही अर्थांनी डागांबद्दल आहे.

आपल्या मंडळात शिलालेखांवर, वीरगळांवर, मोडी कागदांवर पुष्कळ बोलणं झालं. लोखंडी पत्र्यावर कुणी बोललेलं मला आठवत नाही. माझी नोकरी उद्यमबागेत यंत्रांबरोबर गेली, त्यामुळे असेल, पण मला पत्रा हा दस्तऐवज वाटतो. तो वाचायची रीत आहे, आणि ती कळायच्या आत आपण तो घासून टाकतो. गेल्या वर्षी एका पिकअपच्या निमित्तानं हे सगळं जवळून बघायला मिळालं, म्हणून ही टिपणं.

गाडी बेळगावातल्या एका जुन्या भाजीपाला अडत्याच्या घरची. मालक आता थकलेत. गाडी वखारीच्या मागं पंधराएक वर्षं उभी. चिरंजीव पुण्यात आयटीत आहेत, त्यांना ती 'रिस्टोअर' करायची होती. माझ्याकडे ते आले ते रंगाचा नंबर विचारायला. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा हिरवा रंग हवा होता, बॉनेटवर पांढरा तारासुद्धा.

पहिली गोष्ट म्हणजे तो रंग देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांशिवाय कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग चालणार नाही. रस्त्यावर अशा जीपा दिसतात हे खरं, पण नियम तसा आहे. दुसरी गोष्ट महत्त्वाची : ही गाडी महायुद्धातली नव्हतीच. बॉनेट उंच होतं. ते उंच बॉनेट म्हणजे सीजे-३बी. विलीजच्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, ते मावावं म्हणून १९५३ मध्ये बॉनेट उचललं गेलं. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे महिंद्रनं ते पुढं कितीतरी वर्षं चालवलं. नोंदणी पुस्तकात या गाडीचं मॉडेल १९६४ चं आहे, आणि मालकानं ती सत्तरीच्या दशकात सैन्याच्या लिलावातून घेतलेली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं आहे. छावणीच्या गावात लिलावाची जीप दारात येणं काही नवलाचं नव्हतं.

चार चाकं, इंजिन, बॉनेट, पुढचे मडगार्ड एवढंच लिलावाचं. त्यामागची केबिन, दारं, हौदा आणि फाळका सगळं इथं ठोकलेलं. पण ते मूळ जीपला इतकं जुळून आलंय की नवख्याला कळायचं नाही. त्याचं श्रेय मिस्त्रीला आहेच, पण थोडं जीपच्या सपाट पत्र्यालाही आहे. त्या सपाटपणाची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

युद्धकाळात विलीज आणि फोर्डनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजला नागरी गाड्या काढायच्या होत्या, पण मोटारींच्या बॉड्या दाबून देणारे कारखाने मोकळे नव्हते. मग घरगुती उपकरणांचा पत्रा दाबणाऱ्यांकडून काम करून घ्यायचं ठरलं. त्यांच्या प्रेसवर पत्रा साधारण सहा इंचांपेक्षा खोल ओढता येत नसे. ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखकानं ती मर्यादा धरूनच १९४६ ची जीप स्टेशन वॅगन काढली, आणि १९४७ च्या विलीज पिकअपचं तोंड त्याच घाटाचं. म्हणजे गाडीची चेहरेपट्टी ठरली ती धुण्याच्या यंत्रांच्या आणि फ्रिजच्या प्रेसवरून! अशा पत्र्याला घडी घालता येते, पाइपवर वाकवून गोलाई देता येते, साच्याशिवाय दार बनवता येतं. याउलट अँबॅसॅडरचा मडगार्ड बघा. दोन्ही दिशांना फुगलेला. तो कोपऱ्यावर चेपला की मिस्त्रीची खरी परीक्षा.

परीक्षा कसली, ते थोडं समजून घेऊ. पत्रा चेपतो तेव्हा तो नुसता आत जात नाही, ताणलाही जातो. ताणलेला पत्रा ठोकून वर आणला तर जागेत मावत नाही. अंगठ्यानं दाबला की टबक्कन आत, सोडला की बाहेर. हे काम तांबटाच्या अगदी उलट आहे. तांबट सपाट पत्र्याला मठारून ताणत नेतो आणि त्याचा घडा करतो. इथं ताणलेला पत्रा परत आखडायचा असतो. त्यासाठी गॅसच्या ज्योतीनं रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, मागं लोखंडी ठोकळा धरून भोवतीनं हलके ठोके द्यायचे आणि ओलं फडकं लावायचं. तापलेला भाग फुगू बघतो, पण भोवतीचा गार पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागीच जाड होतो. गार होताना आखडतो आणि भोवतीचं ओढून घेतो. पुस्तकात याला दीड पान लागतं. आमचे मिस्त्री (वय सत्तरीच्या पुढं, वडील भांड्यांचं काम करायचे) म्हणाले, "आवाज ऐका की हो सर. ढबढब वाजलं तर पत्रा अजून ढिला हाय. टण्ण वाजला की सोडायचा." त्यांनी हातोडी मारून दाखवली आणि फरक मलाही ऐकू आला.

आता थरांकडे येतो. जुन्या भिंतींवरचे रंग तपासायची एक साधी पद्धत गाडीलाही चालते. रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्यायची, पाणी लावत ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं मधोमध पत्र्यापर्यंत घासायचं, कडेकडेला उतार ठेवायचा, शेवटी १००० नंबरनं गुळगुळीत करायचं. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी रंगांची वर्तुळं दिसतात. तेलाचा थेंब टाकून दहापट भिंगातून बघायचं. हे घासणं ओलंच हवं. जुन्या पिवळ्या-शेंदरी रंगांत शिसं असतं, कोरडी धूळ पोटात गेली तर वाईट. आपल्याकडे रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती.

बॉनेटवर खालून वर असे थर मिळाले : रेड ऑक्साइड, ऑलिव्ह ग्रीन दोन हात, करडा प्रायमर, मलई रंग, पुन्हा रेड ऑक्साइड, आकाशी, आणि वर जरा फिकट आकाशी. केबिनच्या टपावर ऑलिव्ह ग्रीन नाहीच, करड्या प्रायमरपासूनच सुरुवात. डाव्या दाराच्या खालच्या भागात करडाही नाही, मलईही नाही. दुसऱ्या रेड ऑक्साइडपासून पुढं. नियम सोपा आहे : ज्या पत्र्यावर खालचा थर नाही, तो पत्रा त्या थरानंतर आलेला. म्हणजे केबिन सैन्यानंतरची, आणि डाव्या दाराचा खालचा पत्रा मलई रंगाच्या काळानंतरचा. उत्खननात मातीचे थर वाचतात ते याहून वेगळं नाही. फक्त इथं सात-आठ थर मिळून जाडी एका मिलिमीटरच्या आत असते.

रंग कुठल्या जातीचा तेही कळतं. थिनरचा बोळा फिरवला तर मलई थर विरघळून बोळ्यावर आला. म्हणजे तो नायट्रोसेल्युलोजचा, ज्याला आपण सगळे 'ड्यूको' म्हणतो. हे ड्यू पाँट कंपनीचं व्यापारी नाव, १९२० च्या दशकातलं. त्याआधी गाडीला ब्रशनं रंग आणि व्हार्निश द्यायला दिवसचे दिवस, कधी आठवडे लागत. ड्यूको तासाभरात सुकायचा. आज आपल्याकडे सुतारसुद्धा कपाटाला 'ड्यूको मारू का?' विचारतो, नावाचा मालक कोण ते कुणाला माहीत नसतं. आकाशी थर मात्र विरघळला नाही, त्यात ब्रशच्या केसांच्या रेघाही होत्या. तो साधा सिंथेटिक इनॅमल.

आधी स्प्रेनं मारलेला ड्यूको आणि नंतर ब्रशनं फासलेला इनॅमल, म्हणजे मालकाची पडती बाजू असावी, असा सरळ अंदाज कुणीही करेल. पण मालकांनी जपलेल्या कागदांत गॅरेजचं एक बिल निघालं, जुलै १९७९ चं. मडगार्ड ठोकणे, डाव्या दारास खालून नवा पत्रा, रंग आकाशी, नाव लिहिणे. जुलै वाचला आणि उलगडा झाला. ड्यूकोतलं द्रावण झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. रंग पांढुरका पडतो. बेळगावच्या जुलैत ड्यूको मारणं म्हणजे पैसे पाण्यात. इनॅमल सावकाश सुकतो, पण पांढुरका पडत नाही. तेव्हा ब्रशचं कारण पाऊस. पैशाचा त्यात संबंध नाही.

त्याच बिलातलं 'नाव लिहिणे' हे सगळ्यात बोलकं निघालं. डाव्या दारावर वरच्या भागात पिवळ्या कानडी अक्षरांत अडतीचं नाव आहे. रात्री वखारीत टॉर्च तिरका धरला तर त्या अक्षरांखाली दुसऱ्या अक्षरांचे उंचवटे दिसायला लागले. शिरोरेघ स्पष्ट. कडेला एक छोटी खिडकी घासली तर मलई रंगावर लाल देवनागरी.

आता आपल्या भागात असं काही सापडलं की मन लगेच कुठं धावतं, हे सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, महाजन आयोग १९६६ चा, कन्नडसक्तीविरोधी आंदोलन १९८६ चं. मंडळातल्या एका मित्रानं फोटो बघितल्याबरोबर "शहाऐंशी!" म्हणून टाकलं. पण कानडी अक्षरं आकाशी थरावर आहेत, तो थर बिलाप्रमाणे १९७९ चा, आणि वरच्या फिकट आकाशीनं अक्षरांच्या कडा कोरून घेतल्यात, म्हणजे तो रंग देताना अक्षरं आधीच होती. मालकांना विचारलं तर म्हणाले, "तोवर खानापूरचा माल धरत होतो. मग बैलहोंगल, गोकाकची भाजी यायला लागली. तिकडच्या शेतकऱ्यानं गाडी ओळखायला नको का?" बस्स. पत्रा बदलायचाच होता, रंग द्यायचाच होता, नावही बदलून घेतलं. सीमाप्रश्नाचं दुःख खोटं नाही, माझ्या घरानंही ते भोगलंय. पण प्रत्येक थरात तेच शोधलं तर गावाचा रोजचा व्यवहार आपल्या हातून निसटतो. आणखी एक गंमत : दोन्ही लिपींतल्या अक्षरांची काळी सावली डावीकडे खाली पडते आणि शेवटच्या अक्षराची शेपटी सारखीच वळते. दोन्ही नावं एकाच पेंटरनं रंगवलेली असावीत, असा माझा तर्क आहे. बेळगावचे जुने पेंटर तिन्ही लिप्या सहज लिहीत.

हौद्याची कथा गंजाची. ही गाडी आंबोली घाटानं सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे भाजी न्यायची आणि येताना मासळी आणायची. आंबोलीचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरातला, आणि परतीला मासळीच्या टोपल्यांतून गळणारं बर्फाचं खारट पाणी. कुठलाही तळपत्रा यात टिकणार नाही. हौद्याच्या कडेच्या जुन्या सांध्यांना पितळी डाग होते, टाकणखार लावून दिलेले. पितळ जागच्या जागी चकचकीत आणि त्याला लागून असलेलं लोखंड रेघ मारल्यासारखं खाल्लेलं. खाऱ्या पाण्यात पितळ आणि लोखंड एकमेकांना लागून असले की लोखंड आपला जीव देतं. बॅटरीत होतं तेच. मिस्त्रींना यातलं रसायन नको होतं, पण मासळीच्या गाडीला पितळी डाग देत नाहीत हे ते पोरवयातच शिकले होते.

तळाला मधोमध एक मोठं ठिगळ रिबिटांनी बसवलेलं. मायक्रोमीटरनं मोजलं तर १.२ मिलिमीटर, म्हणजे १८ गेज. त्यावर हाताच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात ठोक्यांच्या दाट खुणा, सरळ रेषेत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी बराच वेळ बघत होतो. मिस्त्री हसले : "पिंप हाय त्ये." दोनशे लिटरच्या तेलाच्या पिंपाला मधे दोन कडी उठवलेली असतात. पिंप उभं चिरून उलगडलं की साधारण १.८ मीटर लांब आणि ०.९ मीटरला जरा कमी रुंद असा पत्रा मिळतो. कडी मात्र ठोकून बसवावी लागतात, आणि त्यांची खूण जात नाही. पोलाद कितीतरी वर्षं नियंत्रणाखाली होतं, चांगला पत्रा कोट्यातून यायचा. तेव्हा पिंपांचा पत्रा हा छोट्या कारखानदाराचा हक्काचा साठा. टंचाईच्या अर्थव्यवस्थेवर ग्रंथ आहेत. माझ्या मते हे ठिगळ त्यांच्या शेजारी ठेवण्याजोगं आहे.

तळाच्या खालच्या अंगाला नारिंगी थर निघाला. तो रेड ऑक्साइड नव्हे, शेंदूर : शिशाचाच ऑक्साइड, तेलात कालवलेला. लोखंडी पुलांना पूर्वी हाच पहिला हात असे. मारुतीला लावतो तोच पदार्थ. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीवरचं शेंदराचं लेपन उतरवल्यावर खालचं मूळ रूप समोर आलं, हे सर्वांनी पाहिलं. चिरंजीवांनी नेमका हाच दाखला मला दिला : "काका, तसंच करू. सगळं उतरवू आणि मूळ काढू." मी म्हटलं, देवीच्या शेंदराखाली कुणीतरी घडवलेली मूर्ती होती. इथं सगळं उतरवलंस तर बॉनेटखाली कारखान्याचा पत्रा मिळेल, जगात तसे लाखो आहेत. घडवलेलं जे काही आहे ते वरच्या थरांत आहे.

'मूळ' या शब्दाची अडचण सरकारी नियमातही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली. अशा गाडीला 'व्ही ए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. नियम चांगला आहे, राजेरजवाड्यांच्या मोटारींना तो बरोबर बसतो. पण बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडच्या किती कष्टाच्या गाड्या मूळ बॉडीत राहिल्या? चासी घ्यायची आणि बॉडी गावात बांधायची ही आपल्याकडची रीतच होती. या पिकअपची केबिन पन्नास वर्षांची होत आली तरी कागदावर ती 'फेरफार' ठरायची. चिरंजीवांना तो क्रमांक हवा असेल तर केबिन काढून कॅनव्हासचं टप लावावं लागेल. म्हणजे वारसा जपण्यासाठी वारसाच भंगारात घालायचा. हा आपल्या मंडळानं लेखी कळवण्याचा विषय आहे असं मला वाटतं. मसुदा मी करून देतो.

शेवटी वादावादी होऊन मधला मार्ग निघाला. चिरंजीवांनी हिरव्या रंगाचा नाद सोडला. हौद्याचा तळ बदलावाच लागला, आता १८ गेजचा नवा पत्रा आहे, सांधे सीओटू वेल्डिंगचे, पितळ नाही. पिंपाचं ठिगळ अखंड कापून वखारीच्या भिंतीवर लावलं. चेपलेला उजवा मडगार्ड ठोकून घेतला, पुट्टी अगदी कागदाएवढी. बॉनेट आणि मडगार्ड आकाशी, जुलै १९७९ च्या छटेशी जुळवून. घासण्याआधी प्रत्येक भागाचे मोजपट्टी ठेवून फोटो काढले आणि थरांची नोंद वहीत केली.

डाव्या दाराला हात लावला नाही. फक्त खालची चार बोटं रुंदीची गंजलेली पट्टी बदलली, वर मेण चढवलं. नव्या पट्टीला करडा प्रायमर देऊन तसंच सोडा असं मी म्हटलं, तेव्हा मिस्त्री खरंच नाराज झाले. म्हणाले, "लोक म्हणतील ह्या म्हाताऱ्याला रंग मिळवता आला न्हाई." अर्धा तास समजूत घातली. मग त्यांनी दार उलटं केलं, खिळ्यासारखा पंच घेतला आणि पट्टीच्या आतल्या अंगाला ठिपक्या-ठिपक्यांनी साल आणि आपल्या नावाची दोन अक्षरं ठोकली. एक देवनागरीत आणि एक कानडीत.